स्प्रे गन कोणाच्या हाती? : वाहनांच्या पत्राकाम-रंगकामाची प्रशिक्षणसंस्था निवडताना

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची वर्दळ सुरू होते. कोणाला अकरावीच्या विज्ञान शाखेची चौकशी करायची असते, कोणाला तंत्रनिकेतनाची. या गर्दीत दोन-चार पालक मागे रेंगाळतात आणि बाकीचे निघून गेल्यावर हळूच विचारतात, "सर, पोराला गाड्यांचं लई वेड आहे. डेंटिंग-पेंटिंग शिकतो म्हणतोय. कुठं घालावं?" विचारताना त्यांच्या आवाजात संकोच असतो. एवढी वर्षे वसतिगृहात राहून मुलगा शिकला आणि शेवटी पत्रा ठोकायलाच निघाला, असे चार लोक म्हणतील, ही त्यामागची भीती.

हा संकोच आम्हांला अनाठायी वाटतो. अपघातात चेपलेली गाडी पूर्ववत करणे हे आज मोजमाप, धातू, वीज, रसायने आणि रंग या साऱ्यांचे ज्ञान मागणारे काम आहे. अडचण आहे ती हे ज्ञान नेमके कोठे मिळेल, याची. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने व्यवसायशिक्षणावर लिहिण्यास सुचविले, तेव्हा आम्ही हाच प्रश्न घेतला. आम्ही इतिहासाचे शिक्षक. हा आमचा विषय नव्हे. परंतु या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा दिले होते आणि ते चुकले होते.

आमची चूक

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याला हे काम शिकायचे होते. वडील नव्हते, आई शेतमजुरी करीत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी संस्थेचा मोठा फलक होता. त्यावर नोकरीची शंभर टक्के हमी छापलेली. आम्ही स्वतः जाऊन आलो. कार्यालय नीटनेटके होते, भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्रे लावली होती, संचालक अदबीने बोलले. कार्यशाळेचे शटर अर्धे वर होते व आत एक गाडी उभी दिसली. तेवढ्यावर आमचे समाधान झाले. आईने बचत गटातून कर्ज काढून ३० हजार रुपये भरले.

वर्षभराने मुलगा प्रमाणपत्र घेऊन आला. तोपर्यंत शटरआडच्या त्या एका गाडीपलीकडे दुसरी गाडी तेथे आली नव्हती. शिकवणारे गृहस्थ तिसऱ्या महिन्यात सोडून गेले होते, आणि उरलेले दिवस वह्यांत टिपणे उतरवण्यात गेले होते. प्रमाणपत्र घेऊन तो एका गॅरेजात गेला, तेव्हा मालकाने त्याच्या हाती स्प्रे गन दिली आणि म्हटले, "सेट कर." तो आम्हांला म्हणाला, "सर, कोणता स्क्रू हवेचा आणि कोणता रंगाचा, तेच मला सांगता आलं नाही." त्याने आम्हांला बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

त्यानंतर त्याने तीन वर्षे एका गॅरेजात वॉटर पेपर घासण्याचे काम केले. गन त्याच्या हाती आली ती चौथ्या वर्षी, एका मोठ्या वर्कशॉपमध्ये रीतसर शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाल्यावर. आज तो तेथील रंगविभाग सांभाळतो. दर वर्षी तो आमच्या दहावीच्या मुलांशी बोलायला येतो, आणि एखादी संस्था पाहायची असेल तर आम्ही त्याला बरोबर नेतो. पुढे जे लिहिले आहे त्यातील बरेचसे त्यानेच आम्हांला शिकविले.

या कामात शिकायचे काय असते

संस्थेची पारख करायची तर आधी काम ठाऊक हवे. जुन्या जीपगाड्यांना व मालमोटारींना खाली मजबूत चौकट आणि तिच्यावर स्वतंत्र सांगाडा असे. आजच्या बहुतेक मोटारींत अशी वेगळी चौकट नसते; छप्पर, खांब, तळ आणि बाजूचे पत्रे मिळून एकच कवच बनते व तेच सारा भार पेलते. त्यामुळे पुढून बसलेला धक्का मागच्या दारापर्यंत पोहोचू शकतो. वरून गाडी सरळ दिसते, परंतु आतली मापे काही मिलिमीटरांनी हललेली असतात. मग दार नीट बसत नाही, गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून झिजतात. म्हणून काम मोजमापापासून सुरू होते. गाडी बेंचवर पक्की बसवून, कंपनीने दिलेल्या मापांशी ताडून, साखळ्यांनी व हायड्रॉलिक जोराने ती हळूहळू ओढून मूळ जागी आणतात.

नंतर पत्र्याचे काम येते. लहान पोचा हातोडी आणि डॉलीने आतबाहेरून ठोकून काढता येतो. जेथे आतून हात पोहोचत नाही तेथे पत्र्यावर वॉशर चिकटवून तो बाहेर ओढतात. फार चुरगळलेला भाग कापून नवा जोडावा लागतो. येथे वेल्डिंगचे ज्ञान कसाला लागते. नव्या गाड्यांच्या खांबांत व तुळयांत उच्च ताकदीचे पोलाद असते. ते गॅसच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवले तर त्याची ताकद जाते. दुरुस्ती डोळ्यांना सुबक दिसते, परंतु पुढच्या अपघातात तो खांब आतल्या माणसाला वाचवीत नाही. कोणता भाग ओढायचा, कोणता बदलायचा आणि कोठे उष्णता मुळीच लावायची नाही, हे कळणारा कारागीर एखाद्या कुटुंबाच्या प्राणांचा राखणदार असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरा टप्पा रंगाचा. पत्र्यावर लांबीचा पातळ थर, त्याची घासाई, प्रायमर, पुन्हा घासाई, मग मूळ रंगाचा थर, शेवटी पारदर्शक लॅकर, आणि बूथमध्ये साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानाला भाजणे. पॉलिश पेपरचे आकडे ८० पासून ८०० आणि त्याही पुढे जातात. आकडा वाढेल तसा कागद मऊ. मधला टप्पा गाळला की ओरखडे रंगाखालून वर दिसतात. स्प्रे गन पृष्ठभागापासून साधारण एक वीत अंतरावर, सारख्या वेगाने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढेल अशी चालवावी लागते. हात रेंगाळला तर रंग ओघळतो, घाई झाली तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. गाडीचा रंग-क्रमांक पाहून, वजनकाट्यावर थेंबाथेंबाने रंग मिसळून जुन्या पत्र्याशी मिळवणे ही तर स्वतंत्र विद्याच आहे.

याखेरीज नव्या गोष्टी आल्या आहेत. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. तेव्हा पुढच्या भागाला हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडवणे व ठरावीक वेळ थांबणे आले. काही गाड्यांच्या बंपरमागे रडार आणि काचेमागे कॅमेरा असतो. दुरुस्तीनंतर त्यांची दिशा पुन्हा जुळवावी लागते. विद्युत गाड्यांतील उच्च दाबाच्या नारिंगी तारा ओळखता आल्या नाहीत तर जिवावर बेतते. आणि विम्याचे काम असेल तर अंदाजपत्रक लिहावे लागते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबराच्या भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी वजा होते, हे ग्राहकाला आधीच सांगता आले पाहिजे. लिहिता-वाचता येणारा, हिशेब जाणणारा कारागीर येथे पुढे जातो.

गिरणीतील विणकाम खाते

आमच्या विद्यार्थ्याच्या त्या तीन वर्षांचा विचार करताना आम्हांला मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास आठवतो. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना गिरणीत काम मिळे, पण ते सूतकताईच्या बाजूला. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती आणि तेथे त्यांना मज्जाव होता. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यांच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. कामगार म्हणून एकाच फाटकातून आत जाणाऱ्यांत कोणाला कौशल्य शिकायला मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावर त्यांनी बोट ठेवले.

आजचे गॅरेज म्हणजे तेव्हाची गिरणी नव्हे, हे आम्ही जाणतो. अनेक उस्ताद मोठ्या मनाचे असतात व हाताखालच्या पोराला पोटच्या पोरासारखे शिकवतात. परंतु गॅरेजात कोण कोणाच्या हाताखाली जातो, हे बहुधा नात्याने व ओळखीने ठरते. ज्याचा मामा वा चुलता या धंद्यात आहे, त्याच्या हाती गन लवकर येते. ज्याचे कोणी नाही, तो वॉटर पेपर घासत राहतो, आणि घासाईची मजुरी रंगाच्या मजुरीची बरोबरी कधी करीत नाही. आमच्या शाळेतील बहुतेक मुलांचे या धंद्यात कोणी नसते. हजेरीपत्रकावर ज्याचे नाव आहे, त्या प्रत्येकाच्या हाती अवजार देणे हे प्रशिक्षणसंस्थेचे बंधनकारक काम असते. तेथे गन हक्काने मागता येते. म्हणूनच जी संस्था ते काम करीत नाही, ती आपल्या मुलांचे दुप्पट नुकसान करते. पैसा जातो आणि हक्काची ती एकमेव जागाही जाते.

शिकण्याच्या वाटा

पहिली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आयटीआयची. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. पुढे १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली; आजच्या आयटीआय त्याच योजनेखाली चालतात. या योजनेत 'मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर' आणि 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' असे एकेका वर्षाचे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. पुष्कळ मुले नावाच्या सारखेपणाने फसून 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' या दोन वर्षांच्या व्यवसायाला प्रवेश घेतात. तो मुख्यतः इंजिन, ब्रेक, गिअर यांचा अभ्यास आहे. उत्तम आहे, पण वेगळा आहे. पत्राकाम-रंगकामाचे व्यवसाय प्रत्येक आयटीआयमध्ये नसतात. जवळ नसतील तर शीट मेटल वर्कर वा वेल्डर करून पुढे शिकाऊ उमेदवारीत वाहनांकडे वळता येते. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेने होतात. प्रत्येक व्यवसायाची पात्रता त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावी; जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा.

दुसरी वाट वाहन कंपन्यांच्या सहकार्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांची. काही कंपन्यांनी आयटीआय व तंत्रनिकेतनांत आपली केंद्रे उभारली आहेत. तेथे अवजारे नवी असतात व वर्कशॉपशी थेट संबंध असतो; मात्र सारे शिक्षण एकाच कंपनीच्या गाड्यांभोवती फिरते आहे का, हे विचारावे. तिसरी वाट काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची. ज्याने आधी काही काम केले आहे त्याला त्यांचा उपयोग होतो. अगदी नवख्याचा हात एवढ्या वेळात बसत नाही.

चौथी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली वर्कशॉपशी लेखी करार होतो, विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. आयटीआयनंतर एक वर्ष अशी उमेदवारी केली तर हात आणि कागद दोन्ही पक्के होतात. आमच्या मुलांना आम्ही हाच क्रम सुचवतो. उस्तादाच्या हाताखाली थेट शिकणे ही पाचवी वाट. तीत कौशल्य खरे असते, परंतु कागद मिळत नाही, आणि किती दिवसांत काय शिकवणार हे कोठे लिहिलेले नसते.

संस्था पाहायला जाल तेव्हा

प्रथम, कार्यालयात बसण्याआधी कार्यशाळेत जा, आणि तेही प्रात्यक्षिकाच्या वेळी. आम्ही चुकलो ते येथे. शटर पूर्ण उघडायला सांगा. आपटलेल्या, निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या वा निदान दारे, बॉनेट, बंपर मुबलक आहेत का, ते पाहा. मापे घेण्याची व गाडी ओढण्याची व्यवस्था आहे का? सीओटू वेल्डिंग व स्पॉट वेल्डिंगची यंत्रे चालू स्थितीत आहेत का? रंगाचा बूथ आहे का, की मोकळ्या अंगणात रंग मारतात?

दुसरे, गन मोजा. आयटीआयच्या सध्याच्या आराखड्यात एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे १२०० तास धरले आहेत व त्यांपैकी ८४० प्रात्यक्षिकाचे आहेत. वीस मुलांत एकच गन असेल आणि ते सारे तास रंगालाच दिले, तरी एका मुलाच्या वाट्याला ४२ तास येतात. प्रत्यक्षात रंगाला त्यातले थोडेच तास मिळतात. मग मुलाच्या हाती काय उरेल, याचा हिशेब पालकांनीच करावा.

तिसरे, भांडार पाहा. ही युक्ती आमच्या विद्यार्थ्याची. लांबी, प्रायमर, थिनर, पॉलिश पेपर, वेल्डिंगची तार या संपणाऱ्या वस्तू आहेत. गेल्या सहा महिन्यांत किती आणल्या व किती संपल्या, ते नम्रपणे विचारा. जेथे रंगाचे डबे वर्षभर सीलबंद आहेत, तेथे कोणीही शिकलेले नाही.

चौथे, निदेशकांशी बोला. त्यांनी स्वतः वर्कशॉपमध्ये किती वर्षे काम केले? ते कायम आहेत की दर सत्राला बदलतात? त्यांच्यासमोर एखाद्या मुलाला विचारा की हा पोचा कसा काढशील. उत्तर देताना मूल वहीकडे वळते की अवजाराकडे, ते पाहण्यासारखे असते.

पाचवे, कागद तपासा. खाजगी आयटीआय असेल तर तिची संलग्नता नेमक्या याच व्यवसायासाठी आहे का व किती तुकड्यांसाठी आहे, हे विचारा. एका व्यवसायाची मान्यता दुसऱ्याला चालत नाही. प्रमाणपत्र कोण देणार, शासनमान्य मंडळ की ती संस्था स्वतः? फी एकदम भरू नका, प्रत्येक रकमेची पावती घ्या, आणि शिष्यवृत्तीसाठी तो अभ्यासक्रम महाडीबीटीवर आहे का, हे प्रवेशाआधी पाहा.

सहावे, नोकरीच्या हमीवर विसंबू नका. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार-पाच मुलांशी बोलण्याची सोय करून द्यायला सांगा. ती कोठे आहेत, काय काम करतात, गन हातात आहे की वॉटर पेपर, हे त्यांच्याच तोंडून ऐका. चांगल्या संस्थेला ही विनंती जड जात नाही.

आरोग्याची गोष्ट

एक बाब आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली आहे. दोन घटक मिसळून वापरायच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याचा फवारा श्वासातून आत गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की त्या रंगाच्या अल्प संपर्कानेही त्रास होतो. मग व्यवसायच सोडावा लागतो. तोंडाला रुमाल वा साधा कागदी मास्क बांधल्याने हे थांबत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे, अंगभर पोशाख आणि हवा खेचणारा बूथ लागतो. घासाईच्या धुळीसाठी व वेल्डिंगच्या उजेडासाठी निराळी साधने लागतात. ज्या संस्थेत मुले रुमाल बांधून रंग मारताना दिसतील, तेथून परत यावे. मग बाकी सारे कितीही चांगले असो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला शरीर झिजवणारी कामे जन्माने आली होती. आपण स्वतः निवडलेल्या कामात तरी फुप्फुसे गमावण्याचे कारण नाही.

रंगकाम निवडणाऱ्याने प्रवेशाआधी सरकारी रुग्णालयात डोळ्यांची रंगांधळेपणाची तपासणीही करून घ्यावी. हा दोष पुरुषांत स्त्रियांपेक्षा बराच अधिक आढळतो. आमच्या मुलींपैकी कोणी रंग मिसळण्याचे व जुळवण्याचे काम शिकू म्हणाली, तर तिला हसण्याऐवजी हे तिच्या आईवडिलांना सांगावे.

मागील वर्षी आम्ही त्या माजी विद्यार्थ्याबरोबर एका आयटीआयमध्ये गेलो होतो. संचालकांच्या दालनात चहा सांगितला होता. तो सरळ कार्यशाळेत गेला आणि रंग मारत असलेल्या मुलांच्या मागे जाऊन उभा राहिला. पंधरा मिनिटांत पाच मुलांनी आळीपाळीने गन घेतली. एकाचा रंग ओघळला. निदेशकांनी त्याला बाजूला न करता तोच पत्रा घासून पुन्हा मारायला लावला. बाहेर आल्यावर तो आम्हांला एवढेच म्हणाला, "इथं घाला, सर." या जूनमध्ये आमची दोन मुले तेथे दाखल झाली.